आप्पांचं अपील

आमचे शेजारी आप्पा भाजीतल्या मिठावरही अपील करतात. मीठ कमी पडलं की ताट पुढं सरकवून ओरडतात, ''ह्यो निकाल मान्य न्हाय. अपील!'' सून मुकाट्यानं दुसरी वाटी आणते. निपाणीत त्यांचं औषधांचं दुकान आणि माझं शिलाईचं, दोन्हींत एकच भिंत. त्यामुळं ही वकिली मी रोज फुकट ऐकतो. लग्नात पंगत उशिरा बसली, तर हा गृहस्थ थेट वरबापाकडं अपिलात जातो.

गेल्या वर्षी मात्र खरंच अपील करायची पाळी आली. गोरगरिबांना फुकट औषधं देणाऱ्या सरकारी योजनेत त्यांचं दुकान होतं. औषध द्यायचं तर रोग्याचा अंगठा यंत्राला पटला पाहिजे. जन्मभर विड्या वळून आमच्या गल्लीतल्या सुशीलामावशीच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या संपलेल्या, म्हातारीला चक्कर येत होती. आप्पांनी तिच्या सुनेच्या नावावर, सुनेचा अंगठा घेऊन गोळ्या दिल्या. तपासणीत ते सापडलं. ''बोगस रोगी'' असा शेरा मारून दुकान योजनेतून काढलं.

सुनावणीला मी त्यांच्यासोबत बेळगावला गेलो आणि तिथं माझं टाळकं सरकलं. दुकान काढायच्या हुकमावर ज्या साहेबाची सही, अपील ऐकायला खुर्चीत तोच साहेब! ज्यानं कानाखाली वाजवायची त्यानंच पंच व्हायचं, हा कुठला न्याय? आणि याला म्हणे अपिलाचा हक्क!

साहेब गोड आवाजात म्हणाले, ''नोडरी आप्पा, हे बघा, त्या म्हातारीनं फसवलं असं लिहून द्या. तिचं योजनेचं कार्ड रद्द होईल, तुमचं दुकान चालू.''

''तिनं न्हाय फसवलं. म्या समजून-उमजून केलंय. लिवून घ्या.''

''मग अपील फेटाळावं लागेल.''

''फेटाळा की! पर तिचं कार्ड ऱ्हाऊ द्या, साहेब.''

हे बोलताना आप्पांनी हात जोडले होते. मला रडू येईल इतका संताप आला. साहेबाच्या डोक्यावर 'जनसेवा' अशी पाटी होती, ती उचलून आपटावीशी वाटली.

अपील फेटाळलं. कार्ड तेवढं राहिलं.

परवा ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी आप्पांचं दुकान बंद दिसलं. शोधत गेलो, तर योजनेतल्या ज्या दुसऱ्या औषध दुकानदाराशी त्यांचा जन्माचा अबोला, त्याच्याच दारात रांगेत उभे. शेजारी सुशीलामावशी. ओल्या फडक्यानं ते तिचा अंगठा पुसत होते.

''आप्पा, ही तुमची कोण?'' दुकानदारानं खवचटपणे विचारलं.

''कोण न्हाय. यंत्र लाव परत.''

यंत्रावर पुन्हा लाल दिवा लागला. मागची माणसं कुरकुरली. मावशी हात मागं घेऊ लागली. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाले, ''भिऊ नगंस, मावशी. सावकाश ठेव. मी हाय न्हवं.''