कोरम या शब्दाची अर्थनिश्चिती

शब्द अर्थाशिवाय वर्षानुवर्षं तग धरू शकतो. कोशमंडळाला मात्र सभेशिवाय करमत नाही.

कोरम (नाम, पुल्लिंगी, मूळ लॅटिन). शब्दशः 'ज्यांच्यापैकी'. जुन्या काळी नेमणुकीच्या सनदेत लिहीत, 'ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं, अशी आमची इच्छा आहे.' म्हणजे मुळात मोठ्या मानाचा शब्द. पुढे तो डोकी मोजायच्या कामाला लागला. (मानाच्या शब्दांचं बहुधा असंच होतं.)

एवढं उपसंपादक बाईंनी लिहून ठेवलं होतं. मंजुरी मंडळाची हवी होती. 'क'चा खंड या एका शब्दापाशी अडला होता आणि खंडापाशी बाईंची नोकरी. खंड वर्षाच्या आत छापखान्यात गेला, तर बाई कायम; नाही गेला, तर बाई घरी.

मंडळात बाई धरून अकरा सभासद, कोरम सातांचा. प्रथा मोठी सुरेख. सभा अकराला बोलवायची. अकराला कुणी येत नसे. मग ती तहकूब होऊन साडेअकराला त्याच जागी भरे, आणि नियमानुसार तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यामुळे मंडळी निवांत साडेअकरालाच येत. आजवरचे शंभर टक्के शब्द असेच मंजूर झाले. ('वक्तशीर' बराच पुढच्या खंडात आहे.)

पण या वेळी वकील सभासदांनी हात वर केला. "कोरमचा अर्थ बिनकोरमच्या सभेत? लोक तोंडात शेण घालतील!"

सगळ्यांना पटलं. साडेअकराला पटलं, म्हणजे बिनकोरमच्या सभेतच पटलं, त्यामुळे काही करता आलं नाही.

पुढच्या वेळी बाईंनी नोटिशीत साडेदहा लिहिलं, म्हणजे मंडळी आपसूक अकराला येतील. शिपायाने ही युक्ती आदरापोटी सर्वांना कळवली. मंडळी साडेअकराला आली.

"आजही नाही?" घरी सासूबाईंनी विचारलं. "मी शेजारच्या तिघींना घेऊन येते की. नुसतं गप्प बसायचंय ना?"

"आई, तू गप्प बसणार?" नवरा म्हणाला. "सभा चार दिवस चालेल."

बाई हसल्या आणि त्यांनी तिसरी नोटीस काढली : 'खंडाच्या पहिल्या पानावर मंडळाचा फोटो छापण्यात येईल. सभेला वेळेवर नसणारे सभासद फोटोत नसतील.'

पावणेअकरालाच दहाही खुर्च्या भरल्या. (अंथरुणाला खिळलेले एक निवृत्त प्राध्यापक कोट घालून दोन जिने चढले.)

पूर्ण कोरम बघून अध्यक्ष गांगरले. "आता काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्थ मंजूर करायचा, साहेब."

तो झाला : 'जे आले नाहीत, त्यांच्याही वतीने ठरवायला पुरेशी असलेली माणसं.'

विषय दुसरा, बाईंना कायम करणे. अध्यक्षांनी तोंड उघडलं, इतक्यात फोटोवाला गच्चीवरून ओरडला, "ऊन सरकतंय, लवकर या!" दहाही जण उठून गेले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, 'कोरमअभावी सभा तहकूब.' अर्धा तास शांतपणे पेन्सिलींना टोकं केली. मग सभा पुन्हा सुरू केली.

"सूचक कोण, बाई?" शिपायाने विचारलं.

"मी."

"अनुमोदक?"

"मीच."

"विरोध?"

बाईंनी दहा रिकाम्या खुर्च्यांवरून सावकाश नजर फिरवली. "एकमताने मंजूर."

फोटो उत्तम आला. त्यात बाई नाहीत, पगारपत्रकात आहेत.

ते इतिवृत्त महिनाभर रस्त्यालगतच्या फलकावर हरकतींसाठी लावलेलं होतं. एकही हरकत आली नाही. तुमचीही नाही. सबब, कोशातला अर्थ तुमच्या संमतीनेच छापला आहे. 'ख'ची सभा सोमवारी अकराला आहे. तुम्ही येणार नाही हे धरून तुमचा होकार आजच नोंदवून ठेवला आहे.