एका जोडाचा खर्च, तीन दशांश स्थळांपर्यंत

आमच्या बायकोला आकडा लगेच लागतो, एवढी एकच खोड सोडली तर बाई गुणी आहे. रविवारी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, पाहुण्यांच्या चादरी-टॉवेल धुवायला जोडामागे किती खर्च येत असेल? लाँड्रीवाला साठ म्हणतोय. त्याला द्यायचं की घरीच धुवायचं? अंदाजाने सांगा."

अंदाजाने! आता हा शब्द तिने माझ्यासमोर वापरायला नको होता. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात, कॉस्टिंग खात्यात मी एकतीस वर्षे काढली आहेत. डब्याच्या एका झाकणाला किती रंग लागतो हे मी तीन दशांश स्थळांपर्यंत सांगत असे. त्यामुळे ऑफिसात मला 'दशांश' म्हणत. (तोंडावर नाही म्हणत, पण आमच्या केबिनच्या भिंती पातळ होत्या.) निवृत्त झाल्यापासून मला कोणी एक साधी टक्केवारीसुद्धा विचारली नव्हती. मी चहा तसाच ठेवला आणि पट्टी शोधायला उठलो.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यावर वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. बायकोने त्या सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. कल्पना तिची, मेहनत तिची, आणि माझ्याकडे पाहुण्यांची वही. खोलीमागे धुण्याचा एक जोड, म्हणजे दोन चादरी, दोन उशांचे अभ्रे आणि दोन टॉवेल. पाहुणे गेले की ती सगळे मशीनला लावायची आणि गच्चीवर वाळत घालायची. त्या रविवारी तिने जाता जाता असेही सांगितले होते की उजवा खांदा हल्ली वर जात नाही. ते मी ऐकले, पण खांद्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

तक्ता मात्र असा झाला की आमचे जुने साहेब पाहते तर त्यांनी तो फ्रेम करून लावला असता. साबण, पाणी, वीज, इस्त्री आणि मशीनची झीज. वाळत घालायच्या दोरीची झीज. चिमट्यांची झीजही मी सोडली नाही. (चिमटा सरासरी चौदा महिने टिकतो. हे कुठेच छापलेले नाही, मी शेजाऱ्यांकडे चौकशी करून काढले.) तीन दिवस खपून बुधवारी संध्याकाळी मी बायकोसमोर आकडा ठेवला, जोडामागे तेवीस पूर्णांक चारशे पंचाहत्तर सहस्रांश.

"म्हणजे लाँड्रीपेक्षा निम्म्याहून स्वस्त," मी म्हणालो. आवाजात थोडा रुबाब आला असेल, नाही म्हणत नाही.

तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारले, "वाळत घालायचे, काढायचे, इस्त्री करायची, त्याचे किती धरलेत?"

"ते तू करतेस ना."

"हो. मग माझे किती धरलेत?"

"अगं, तू घरचीच आहेस," मी म्हणालो.

ती उठली. कप उचलून आत गेली. मला वाटले, बाईमाणूस आकडेमोडीने भारावले आहे.

तरी मनात एक खुटखुट राहिलीच. हा सगळा हिशेब कागदावरचा होता आणि कागदावरच्या हिशेबाला कारखान्यात कोणी विचारत नाही. प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते. ती संधी शुक्रवारी चालून आली. बायको सकाळीच पडद्याचे कापड आणायला बाजारात गेली. नवे पाहुणे संध्याकाळी पाचला यायचे होते. आणि जिन्याखाली पाहुण्यांच्या कपड्यांचे गाठोडे ठेवलेले मला दिसले.

गाठोडे सोडले तर आत चादरी घडी घातलेल्या, काठाला काठ लावून. अभ्रे वेगळे, टॉवेल वेगळे. मी थक्क झालो. वापरलेल्या चादरी अशा घडी घालून ठेवणारे पाहुणे आजकाल कुठे मिळतात? मी वही काढून त्यांच्या नावापुढे 'अत्यंत शिस्तप्रिय' असा शेरा मारला.

मग वजन. वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग गाठोड्यासकट, आणि वजाबाकी केली. (मधे पाणी प्यायलो होतो, ते वजा केले.) सहा किलो दोनशे ग्रॅम आले. आमच्या मशीनची क्षमता सात किलो. आता कॉस्टिंगचा पहिला नियम असा की यंत्र कधी अर्धपोटी चालवू नये, पूर्ण क्षमतेवरच खर्च खरा कळतो. म्हणजे मला आठशे ग्रॅम कमी पडत होते. घरभर हिंडून मी एकेक वस्तू काट्यावर ठेवली. पायपुसणे सहाशे भरले. बायकोची शाल साडेचारशे. शेवटी कपाटातून माझा मरून स्वेटर काढला. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने समारंभात दिलेला, छातीवर डब्याचे चिन्ह विणलेला. जपायचा म्हणून तो मी कधी पाण्यात घातला नव्हता. काटा बरोबर आठशेवर थांबला. मला अगदी भरून आले. नोकरी संपली तरी कंपनी माझ्या उपयोगी पडत होती.

विजेचा आकडा शुद्ध यावा म्हणून मशीन सोडून घरातले सगळे बंद केले, फ्रिजसुद्धा. पाणी चांगले कडकडीत ठेवले. मशीनची नळी बादलीत सोडली आणि प्रत्येक बादली मोजली. पहिल्याच बादलीला पाणी लालभडक आले. मी वही पुन्हा काढली. 'शिस्तप्रिय' खोडले आणि 'दिसतात तसे नाहीत' असे लिहिले. दुसऱ्या बादलीलाही तोच रंग. एवढा मळ आपले मशीन काढते हे पाहून मला मशीनचा अभिमान वाटला, आणि ते निवडणारा मीच असल्यामुळे थोडा माझाही.

पुढचा भाग मला सविस्तर सांगवत नाही. भिजलेली दुहेरी चादर तुम्ही कधी एकट्याने दोरीवर टाकली आहे का? एक टोक चिमट्यात पकडावे तर दुसरे गच्चीच्या फरशीवर लोळते. ते उचलायला वाकावे तर पहिले डोक्यावर येते. अशा चार चादरी. शिवाय तीन जिने, दोन फेऱ्या आणि तिसरी चिमटे विसरलो म्हणून. मग इस्त्रीची चाचणी म्हणून एक अभ्रा घेतला, तर त्याला आठ मिनिटे लागली. घड्याळ लावलेले होतेच. काम आटोपून मी गच्चीच्या कठड्याला टेकलो तेव्हा तीन तास वीस मिनिटे झाली होती, आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

त्याच हाताने, म्हणजे खालच्या खाली धरून, मी माझ्या शेवटच्या पगाराच्या दराने मजुरी लावली. जोडामागे दोनशे तेवीस पूर्णांक चारशे पंचाहत्तर सहस्रांश. आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. बुधवारचा तेवीस आणि आजचा दोनशे तेवीस, यांत फरक फक्त माणसाचा होता. ते दोनशे दर आठवड्याला आमच्या घरात कोणीतरी देत होते आणि मी चिमट्यांची झीज मोजत होतो. मला लाज वाटली. खरेच वाटली. पण दुसऱ्याच क्षणी असेही वाटले की ही चूक शोधून काढायलासुद्धा कॉस्टिंगचाच माणूस लागतो, आणि पुन्हा छाती फुगली. (दुखली, पण फुगली.)

तीन वाजता बायको आली. मी तिला हाताला धरून गच्चीवर नेले. "लाँड्रीला द्यायचं," मी जाहीर केले. "सिद्ध झालंय. तुझी मजुरी धरली तर घरचं धुणं जवळजवळ चौपट महाग पडतं. मी चुकलो होतो."

तिने दोरीकडे पाहिले. चार चादरी, चार अभ्रे, चार टॉवेल, सगळे गुलाबी. उन्हात नीट पाहिल्यावर मलाही ते गुलाबी दिसले.

"हे कुठल्या गाठोड्यातलं?" तिने विचारले.

"जिन्याखालचं."

ती कठड्यावर बसली. "लाँड्रीवाल्याने आज सकाळीच आणून ठेवलं होतं ते. धुऊन, इस्त्री करून."

"पण तू तर माझ्या आकड्यासाठी थांबली होतीस ना?"

"बुधवारपर्यंत थांबले," ती म्हणाली. "मग गुरुवारी त्याला हो म्हटलं. तो म्हणाला साठ, खांदा म्हणाला द्या."

 मग तिच्या खांद्याला हसू फुटले. दुखरा खांदाही हलत होता, आणि खरे सांगायचे तर गेल्या महिन्यात तो एवढा वर गेलेला मी पाहिला नव्हता. घरात दुसऱ्या कोरड्या चादरी नव्हत्या, त्यामुळे पाच वाजता गुलाबीच अंथरल्या. पाहुणे जाताना वहीत लिहून गेले की खोल्यांची रंगसंगती फार प्रसन्न आहे. ती ओळ मी बायकोला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. स्वेटर आता आमच्या धाकट्या भाचीच्या मुलाला बरोबर बसतो. तो सव्वा वर्षाचा आहे.

चादरी पुन्हा पांढऱ्या करायला लाँड्रीत गेल्या. आठवड्याने बिल आले ते बायकोने माझ्या हातात दिले. "तुम्ही तज्ज्ञ आहात, नीट तपासा," ती म्हणाली. मी चष्मा लावला. बिलावर दोनच ओळी होत्या.

पाहुण्यांनी वापरलेले जोड, दर साठ.

साहेबांनी धुतलेले जोड, दर नव्वद.

मी बेरीज दोनदा करून पाहिली. बरोबर होती.