गावडेकाकांची परवानगी

एखादी वेबसाइट "तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू का?" असं विचारते, तेव्हा शहाणा माणूस 'ब्लॉक' दाबतो. आळशी माणूस ती चौकट तशीच ठेवून पुढे वाचतो. आमचे शेजारी गावडेकाका मात्र चष्मा लावतात, प्रश्न शेवटपर्यंत वाचतात आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणत 'अलाउ' दाबतात.

"विचारतात रे बिचारे," ते मला एकदा म्हणाले. "न विचारता घुसणारे काय कमी आहेत?"

काका बंदराजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामात गेटवर सुपरवायझर होते. ड्रायव्हर रडो, शिव्या देवो, नाहीतर चहा पाजो, पास नसलेला ट्रक त्यांनी कधी आत घेतला नाही. "उभा जन्म लोकांना अडवण्यात गेला. आता रिटायर झालो. आता सगळे आत!" हे व्रत त्यांनी माणसांच्या बाबतीत घेतलं असतं तर सोसायटीच्या वॉचमनला दुसरी नोकरी बघावी लागली असती. सुदैवाने ते फोन आणि मुलीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपपुरतंच होतं.

त्यामुळे दिवसभर टुंग, टिंग, टडांग. शेअर घ्या, प्लॉट घ्या, ट्रॅक्टर घ्या. काकांची सगळी शेती म्हणजे बाल्कनीतली एक तुळस, पण ट्रॅक्टरवाल्याने आशा सोडली नव्हती. एका साइटने तर त्यांना गरोदर धरलं होतं. तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालं, असं ती मोठ्या आपुलकीने कळवायची. काका लिफ्टमध्ये भेटले की गंभीरपणे सांगायचे, "मोसंबीपर्यंत आलं हां."

कामोठ्यातल्या आमच्या बिल्डरने दोन फ्लॅटमध्ये भिंत बांधली आहे, असं कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात काकांची प्रत्येक टुंग माझ्या टेबलावर वाजायची. मी घरून काम करतो. मीटिंगमध्ये साहेबांनी एकदा विचारलं, "नितीन, तुझ्या बाजूला देऊळ आहे का?" शेवटी माझ्या अप्रेझलच्या दिवशी, "माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे एकाग्रता," एवढं मी म्हणालो आणि पलीकडे लागोपाठ तीन टुंगा झाल्या. साहेब हसले. मीटिंग संपताच मी तडक उठून काकांची बेल दाबली.

या बाबतीत मी फार सोवळ्यातला माणूस. माझ्या फोनमध्ये फक्त ऑफिस आणि बँक यांनाच वाजण्याची मुभा आहे. आईचा फोनसुद्धा कामाच्या वेळात मुका येतो. अशा थोर माणसाने काकांच्या हॉलमध्ये बसून लॅपटॉप ताब्यात घेतला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये परवानगी मिळालेल्या साइट्सची रेशनच्या दुकानाबाहेर असावी तशी रांग होती. मी एकेकाला बाहेर काढू लागलो.

"हा नागपूरचा हवामानवाला राहू दे ना."

"काका, आपण कामोठ्यात राहतो."

"तिकडे ऊन फार असतं रे."

तो गेला. ट्रॅक्टर गेला. मोसंबी गेली, तेव्हा काका जरा हळहळले. मग फोन घेतला आणि एकेका ॲपचं तोंड बंद केलं. "आता फक्त कॉल आला तरच वाजेल," मी विजयी सुरात म्हणालो. काकांनी मला कोकम सरबत दिलं, थँक्यू म्हणाले, दारापर्यंत सोडायला आले. गेटवरच्या माणसाने गेट बंद करणाऱ्याचे आभार मानावेत, हे मला तेव्हा अगदी योग्यच वाटलं.

काही दिवस स्वर्ग होता. मग एका दुपारी पलीकडून आवाज आला. टण्. थोडा वेळ शांतता. पुन्हा टण्. स्टीलच्या वाटीवर चमचा मारल्यासारखा. आता म्हाताऱ्याने तबला सुरू केला की काय, असं पुटपुटत मी गेलो. दार नुसतंच लोटलेलं होतं.

काकू आजारी असतात, हे मला माहीत होतं. भिंत एक असली तरी आमच्याकडे शेजाऱ्याबद्दल एवढंच माहीत असण्याची पद्धत आहे. आतल्या खोलीत काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी काका खरोखरच वाटी-चमचा घेऊन बसले होते. मला पाहून त्यांनी वाटी पटकन खाली ठेवली.

"पॅरालिसिस झाल्यापासून बोलत नाही रे," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. माझा आवाज तिला पाठ झालाय, मी कितीही बडबडलो तरी ढिम्म. पण फोन टुंग वाजला ना, की मान वळवायची आणि विचारायची, 'कोण?' तेवढा एकच शब्द येतो. मग मी सांगायचो, नागपूरहून आलंय, अमुक आलंय, तमुक आलंय. ऐकायची सगळं." त्यांनी वाटीकडे पाहिलं. "चमच्याला फसत नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू एवढी मेहनत घेतलीस. वाईट वाटलं असतं तुला."

मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी काकांचा फोन घेऊन मेसेजचा आवाज सुरू केला, तो उशीजवळ ठेवला आणि माझ्या फोनवरून त्यांना नुसता एक 'नमस्कार' पाठवला.

टुंग.

काकूंची मान सावकाश वळली. ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"कोण?"

काका वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "बाजूचा नितीन आहे गं. बघ, आलाय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग चालत्या हाताने त्यांनी पलंगाच्या कडेवरची चादर ओढून बाजूला केली आणि मला बसायला जागा करून दिली.