आजारी न पडल्याचे पैसे

मिस्त्रीने पहिला घाव घातला तेव्हा भोंगा दात घासत होता. दुसऱ्या घावाला तो तोंडात फेस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोचला, आणि तिसऱ्या घावाला ओट्याचा अख्खा कोपरा खाली आला.

"अहो मिस्त्री! पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं होतं ना?" भोंगा ओरडला. फेसाचे तुषार मिस्त्रीच्या टोपीवर उडाले.

"दुसरीकडचं काम लांबलं, म्हटलं तुमचं उरकून टाकू. आज नको असेल तर सांगा. मग चार महिने मला तोंड दाखवू नका," मिस्त्री शांतपणे म्हणाला आणि त्याने चौथा घाव घातला.

"अहो पण पैसे अजून..."

"द्या की पुढच्या आठवड्यात. मी कुठं पळून चाललोय? ओटा काढून नेईन का?"

ओटा तर आता कुणालाच काढून नेता येणार नव्हता. त्याचे तुकडे झाले होते.

भोंगा शहर परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींचे फोन घ्यायचा. भोंगा हे नाव त्याला ऑफिसने दिले होते आणि ते घरापर्यंत पोचले होते. त्याने तळमजल्यावर फोन उचलला की कुठल्या गल्लीत पाणी नाही हे तिसऱ्या मजल्यावरच्या करवसुलीवाल्यांना कळायचे. तक्रार करणाऱ्याने एक वाक्य बोलावे आणि याने त्यावर सात ऐकवावीत, असा त्याचा हिशेब होता. "पाणी नाही? मग मी काय करू? मी काय इथं नळ घेऊन बसलोय?" इथून सुरुवात व्हायची.

तब्येत मात्र ठणठणीत. नोकरीला लागल्यापासून त्याने वैद्यकीय रजा घेतलीच नव्हती. परिषदेचा नियम असा होता, की अशी साठलेली रजा मर्यादेपलीकडे गेली, तर वरच्या रजेचे निम्म्या दराने पैसे मिळायचे. अट एकच. ज्या वर्षी पैसे मागायचे त्या वर्षी शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत एकही वैद्यकीय रजा घ्यायची नाही, अगदी अर्ध्या दिवसाचीही नाही. भोंग्याने यंदा अर्ज टाकला होता आणि त्याच दिवशी घरी येऊन जाहीर करून टाकले होते, "या पैशांत तुझा ओटा उंच करायचा! बस्स, ठरलं!"

बायको त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. ओटा आधीच्या मालकिणीच्या मापाचा, बुटका. त्याच्यापाशी वाकून वाकून बायकोची कंबर धरायची, हे खरेच होते. ती काहीतरी बोलायला लागली होती, पण तोवर भोंगा मिस्त्रीला फोन लावून मोकळा झाला होता.

शनिवार-रविवार ओटा फुटत राहिला. सिमेंटची धूळ पडद्यांवर, उशांवर आणि भोंग्याच्या घशात जाऊन बसली. मिस्त्रीला सूचना देत तो दोन दिवस त्या धुळीतच उभा होता. सोमवारी सकाळी त्याने चहा मागायला तोंड उघडले आणि काहीच बाहेर आले नाही.

त्याने पुन्हा तोंड उघडले. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला.

"अगंबाई, आवाज बसला?" बायको दिवाणखान्यात स्टुलावर शेगडी मांडून, कमरेत पार दुमडून चहा करत होती. "मग आज घरी थांबा. एक दिवस रजा टाका."

भोंग्याने दोन्ही हात इतक्या जोरात हलवले की बशी खाली पडली. किरकोळ रजा मेहुणीच्या मुलीच्या लग्नात संपल्या होत्या. हक्काच्या रजेला पंधरा दिवस आधी अर्ज लागायचा. उरली ती वैद्यकीय रजा, आणि तिला हात लावला की ओट्याचे पैसे गेले. वर्ष संपायला आता एकच आठवडा उरला होता. त्याने फुटलेल्या ओट्याकडे बोट दाखवले, मग बायकोच्या कमरेकडे, मग स्वतःच्या घशाकडे, आणि मग घशाला मफलर गुंडाळून तो निघाला.

खरी भीती रजाबाईंची होती. रजा विभागातल्या या बाई हजेरीपुस्तकासमोरच बसायच्या. कुणी साधे शिंकले तरी त्या चष्म्यावरून बघायच्या. कामावर कुणी आजारी दिसला, तर त्याला खालच्या दवाखान्यात पाठवायचे आणि डॉक्टरने सक्तीची रजा लिहायची, असाही एक नियम होता.

"काय हो, आज नमस्कार नाही ऐकू आला?" रजाबाईंनी विचारले.

भोंग्याने हात जोडले, तो तोंडभर हसला आणि सही करून सटकला. बाई त्याच्या मफलरकडे बघत राहिल्या.

शेजारच्या टेबलावरच्या मीटरवाल्याला त्याने कागदावर सगळे लिहून सांगितले. मीटरवाल्याने वाचले, पुन्हा वाचले आणि टेबलावर डोके ठेवून पोटभर हसून घेतले. "अरे भोंग्या, तुझं काम फोनवर बोलायचं! तू आता करणार काय?"

तेवढ्यात फोन वाजलाच.

"हॅलो! पाणीपुरवठा ना?" एक आजी कडाडल्या. या आजी रोज फोन करायच्या आणि रोज दोघांचे कडाक्याचे भांडण व्हायचे. "तीन दिवस झाले, नळाला थेंब नाही! ऐकताय का?"

भोंग्याला नाकातून फक्त एक आवाज काढता येत होता. तो त्याने काढला. "हं."

 आजी भांडायच्या तयारीत होत्या, आणि समोर कुणी नव्हतेच. "म्हणजे... येतं थोडं, पण रात्री येतं. मी एकटी, गुडघे दुखतात, बादली कोण उचलणार?"

"हं," भोंगा म्हणाला.

"आमच्या इमारतीच्या मागे ती जुनी झडप आहे ना, ती कुणीतरी अर्धी बंद करून ठेवली असावी. मी कधीची सांगतेय, पण तुमच्याकडचा तो ओरडणारा माणूस ऐकूनच घेत नव्हता."

भोंग्याचे कान लाल झाले. पण बोलता येत नव्हते, म्हणून त्याने इमारत, झडप, मागची बाजू असे सगळे लिहून घेतले. आजपर्यंत निम्म्या तक्रारींत पत्ताच नसायचा, कारण पत्ता सांगायची वेळ येईपर्यंत भांडण रंगात आलेले असायचे. कागद प्लंबरकडे गेला. दुपारी झडप उघडली.

मंगळवारी आणि बुधवारी तेच झाले. लोक चिडून फोन करायचे, "हं" ऐकून गोंधळायचे, मग हळूहळू नेमके काय झाले ते सांगायचे. एका हॉटेलवाल्याने पाण्याच्या दाबाविषयी सुरुवात करून भागीदाराने कसे फसवले इथपर्यंत सगळे सांगितले आणि शेवटी "बरं वाटलं बघा साहेब" म्हणून फोन ठेवला. मीटरवाला मधूनमधून गरम पाणी आणून द्यायचा आणि कुणी टेबलाशी आले की पुढे होऊन बोलायचा, "ते कामात आहेत, त्यांना डिस्टर्ब करू नका."

घरी मात्र हाल वाढत होते. मिस्त्रीने नव्या ओट्याच्या भिंती उभ्या केल्या आणि फरशीवाला आगाऊ पैशांशिवाय फरशी सोडत नाही, असा निरोप दिला. बायको अजून स्टुलावरच स्वयंपाक करत होती. बुधवारी संध्याकाळी भाजी परतताना तिच्या कमरेत अशी उसण भरली की तिला तसेच वाकलेल्या अवस्थेत पलंगापर्यंत न्यावे लागले. भोंगा तिच्या पाठीला शेक देत बसला. ती काहीतरी पुटपुटत होती. त्याला धीर द्यायचा होता, नेहमीसारखे "काही काळजी करू नकोस, मी आहे ना!" असे गरजायचे होते. चाकातून हवा गेली, एवढेच झाले. ही रजा वाचली नाही तर या बाईला आयुष्यभर वाकावे लागेल, असे त्याच्या मनात आले.

गुरुवारी इंजिनिअरसाहेब स्वतः खाली आले. भोंग्याने मफलर नाकापर्यंत ओढला.

"काय जादू केलीत हो?" साहेब म्हणाले. "एक आजीबाई माझ्याशी अर्धा तास बोलल्या. म्हणाल्या, तो जुना ओरड्या काढून हा गुणी मुलगा ठेवलात, फार बरं केलंत. हॉटेलवाल्याने तर मिठाईचा खोका पाठवलाय. तुम्हीच ना तो?"

"तेच, साहेब," मीटरवाला म्हणाला. "स्वभावच बदललाय त्यांनी."

"उद्या वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारी सगळ्या खात्यांना हॉलमध्ये बोलावतो. तुम्ही बोला! लोकांचं कसं ऐकून घ्यावं यावर. जास्त नाही, अर्धा तास."

भोंग्याने मान जोरजोरात हलवली.

"बघा, किती विनय!" साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्या रात्री भोंग्याने हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या, लवंग, ज्येष्ठमध आणि शेजाऱ्यांनी सुचवलेला कसलासा काळा काढा, हे सगळे एकापाठोपाठ घेतले. शुक्रवारी सकाळी घशातून हवासुद्धा जाईना.

त्याने हजेरीपुस्तकात सही केली. रजाबाई चष्म्यावरून बघत होत्या. "दुपारी ऐकायला येते हं मी," त्या म्हणाल्या.

दुपारी हॉल भरला. करवसुलीवाले, रस्तेवाले, बागांचे माळी, सगळे आले. साहेबांनी चार कौतुकाचे शब्द बोलून माईक भोंग्याच्या हातात दिला. भोंगा समोर बघत राहिला. लोक वाट बघत राहिले. त्याने घसा खाकरून पाहिला आणि माईकमधून असा काही आवाज आला, की मागच्या रांगेतल्या दोघांनी छताकडे पाहिले. पंखा निखळतोय असे त्यांना वाटले.

पहिल्या रांगेतून दवाखान्याचे डॉक्टर ताडकन उठले. "तोंड उघडा!"

भोंग्याने ओठ घट्ट मिटले.

"अहो, उघडा म्हणतोय ना!" डॉक्टरांनी खिशातली विजेरी काढली आणि सगळ्या खात्यांसमोर त्याच्या घशात उजेड पाडला. "अरेरे! हे किती दिवसांचं आहे? एक शब्द बोलायचा नाही! दहा दिवस सक्तीची वैद्यकीय रजा!" आणि तिथेच, माईकच्या स्टँडवर कागद टेकवून त्यांनी चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी घेऊन भोंगा रजा विभागाकडे कसा चालत गेला हे त्याला नंतर आठवत नव्हते. डोळ्यांपुढे बिनफरशीचा ओटा होता. त्याने चिठ्ठी रजाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

बाईंनी ती वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली. मीटरवाला दारात उभा होता.

"आज सकाळी सही केलीत?" त्यांनी विचारले.

भोंग्याने मान डोलावली.

"दुपारच्या जेवणानंतर कामावर होतात?"

"माईकवर होते, बाई! सगळ्यांनी बघितलंय!" मीटरवाला म्हणाला.

"म्हणजे आजचा दिवस भरला. भरलेल्या दिवसाची रजा लावता येत नाही. रजा उद्यापासून." त्यांनी शिक्का मारला. "उद्यापासून वर्षही नवं. यंदाचं खातं कोरं. तुमचे पैसे सोमवारी जमा होतील."

भोंग्याचे डोळे भरून आले. त्याने घशाकडे बोट दाखवून दोन्ही हात पसरले. बाई समजल्या.

"मला सोमवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही अर्ज दिला नव्हता. आणि अर्ज नसलेला आजार आमच्या विभागात नसतोच."

पैसे सोमवारी आले, फरशी मंगळवारी बसली. गुरुवारी बायको नव्या ओट्यासमोर सरळ उभी राहिली. कमरेला पट्टा होता, पण पाठ ताठ होती. भोंगा दारात खुर्ची टाकून तिच्याकडे कौतुकाने बघत बसला. बोलायची बंदी होती, त्यामुळे बायकोच बोलत होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिचे वाक्य शेवटपर्यंत पोचत होते.

"ओटा छान झाला," ती म्हणाली. "पण खरं सांगू? मी ओटा उंच करा असं म्हटलंच नव्हतं."

भोंग्याच्या भुवया वर गेल्या.

"मी म्हणत होते, की माझी कंबर दुखते, तर एक वेळचा स्वयंपाक तुम्ही करा. जुना ओटा तुमच्याच उंचीचा होता. एवढंच म्हणायचं होतं. पण तुम्ही 'तुझा ओटा' म्हणालात आणि मिस्त्रीला फोन लावलात."

 भोंगा उठला, त्याने तिच्या हातातून दुधाचे पातेले घेतले आणि तो शेगडीपाशी गेला. ओटा त्याच्या छातीला लागत होता. पातेल्यात काय आहे ते त्याला दिसेना. बायकोने मिस्त्रीला फोन केला, ओट्याचा अर्धा भाग खाली घेता येईल का म्हणून. मिस्त्री म्हणाला, येईल की, चार महिन्यांनी.

मग भोंग्याने स्टूल आणले आणि तो त्यावर चढला. स्टूल डगमगत होते, म्हणून बायकोने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. त्यासाठी तिला पार खालपर्यंत वाकावे लागले.

"कंबर?" भोंग्याने वरून, डॉक्टरांची आज्ञा मोडून, कसेबसे विचारले.

"गप्प बसा," ती खालून म्हणाली, "आणि दूध बघा."