उमेदवार खाली, माणसं वर

आमच्या मुखेडात आमदारकीला उभं राहणाऱ्या माणसाला नागनाथआप्पा सतरंजीवर बसवतात आणि गावाला स्टेजवर चढवतात. चुकून नव्हे, मुद्दाम. उमेदवार खाली एकटा, हातात माइक, मान वर. आणि वर न्हावी, निवृत्त मास्तर, बचत गटाच्या बाया, शेळ्या विकायला आलेला एखादा पाहुणा, सगळे खुर्च्यांवर पाय हलवत बसलेले.

त्या खुर्च्या माझ्या. स्टेजही माझं. लोकांच्या लग्नात खुर्च्या उचलत उचलत मी स्वतःचं मंडप डेकोरेशन उभं केलं, त्यामुळे फळी कधी कुरकुरते ते मला झोपेतही कळतं.

"आप्पा, फळ्या मोडतील," मी दर वेळी ओरडतो.

"आजवर पुढाऱ्याच्या वजनानं मोडल्या न्हाईत, गरिबाच्या वजनानं काय मोडतील? या रे, वर या!"

आप्पांची पिठाची गिरणी आहे. जन्म गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. भुवयांवर कायम पीठ, आणि कानात कुजबुजले तरी समोरच्या हॉटेलातला माणूस दचकून कपबशी खाली ठेवतो. त्यांच्या चौकस मंचाची गुप्त बैठक गिरणीत भरली, की कोण काय म्हणालं ते एसटी स्टँडवर आधी कळतं आणि बैठकीतल्या बहिऱ्या मास्तरांना नंतर.

हा मंच काय करतो? विधानसभा आली की उभं राहू पाहणाऱ्या सगळ्यांना बोलावतो, प्रश्न विचारतो आणि हात वर करून एकाला पाठिंबा देतो. माणूस पुरोगामी पाहिजे, एवढीच अट. मग मंचाची माणसं घरची भाकरी बांधून त्याच्या प्रचाराला गावोगाव फिरतात. आणि तो माणूस पडतो. नेमानं पडतो. "आप्पाचा पाठिंबा म्हणजे पडायची गॅरंटी," असं स्टँडवर म्हणतात. पण तेच लोक त्या पडलेल्या माणसाला वाट सोडून नमस्कार करतात, हेही मी पाहिलंय.

आप्पांचे प्रश्न पाठ करून जाता येत नाहीत. पुरोगामी म्हणजे काय यावर भाषण ते ऐकतच नाहीत. "ते ऱ्हाऊ द्या, पुढचं बोला," म्हणून हात झटकतात. मागं एक गाडीवाले, बंगलेवाले उमेदवार आले होते. समतेवर असे बोलले, की बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

"ते ऱ्हाऊ द्या, पुढचं बोला. फॉर्म कधी भरणार?"

"गुरुवारी. सकाळी चांगला योग आहे, महाराजांनी काढून दिलाय."

"मग मतं बी महाराजालाच मागा की. आम्हाला कामून तरास?"

दुसऱ्या एकाला विचारलं, "घरी आधी कोण जेवतं, तुम्ही का मंडळी?" तो हसत म्हणाला, "मंडळींना आवडतं हो आम्हाला वाढायला." वरच्या बायांनी खुर्च्या अशा करकरवल्या, की मला वाटलं, गेलं माझं स्टेज.

आता माझं सांगतो. गेल्या निवडणुकीत मी स्वतः त्या सतरंजीवर बसलो. पैसा मिळवला होता, घर बांधलं होतं, पण गावात मी कोण? खुर्चीवाला बालाजी. ज्यांच्या सभेला मी कनात बांधतो ते मला नावानंही हाक मारत नाहीत. निवडून येईन असं काही डोक्यात नव्हतं. पण मंचाचा पाठिंबा मिळाला, तर चारचौघांत 'हा आमचा माणूस' म्हणून ओळख होणार होती. ती मला हवी होती. आणि आप्पांना तर मी बाजारभावापेक्षा स्वस्तात मंडप घालत आलो होतो.

तयारीही पक्की केली. मुहूर्त? अमावास्येला फॉर्म भरतो म्हणालो. जेवण? आम्ही दोघं एकाच वेळी बसतो म्हणालो. रुक्मिणी, म्हणजे माझी बायको, तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं मान हलवली. खरं होतं ते.

मग आप्पांनी विचारलं, "आमदार झालास तर ह्या मंचाला काय देशील?"

"सभागृह बांधून देतो, आप्पा. खुर्च्यांसकट."

"न्हाई."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक 'न्हाई' म्हणालं, की सौदा सुरू झाला असं समजायचं.

"बरं, वर पंखे."

"न्हाई."

"बाजूला बायांना वेगळी खोली. शेवटचं सांगतो, आप्पा. फरशी घालून देतो, आता पुढं काही मागू नका!"

अख्खं स्टेज हसत होतं. मला वाटलं, जमलं. आप्पा मात्र हसत नव्हते.

त्यांनी तोच प्रश्न माझ्यानंतर सतरंजीवर आलेल्या बचत गटाच्या शोभाताईंना विचारला. शोभाताई म्हणजे टँकरसाठी तहसीलवर घागरींचा मोर्चा नेणारी बाई. ती म्हणाली, "मी कायबी देणार न्हाई. उलट मी निवडून आले तर तुमालाच माझ्यासंगं मुंबईला भांडाया यावं लागंल."

सगळे हात तिच्यासाठी वर गेले. रुक्मिणीचाही.

"बालाजी," आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "मनानं चांगला हायस. पण तू पाठिंबा इकत घेऊन राहिलास, बाबा."

मी उठलो आणि लाउडस्पीकरची वायर उपटली. काही फरक पडला नाही. आप्पांचं पुढचं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

मग मी इरेला पेटून अपक्ष उभा राहिलो. माझ्या जीपमधून फिरणारे, माझ्याकडं रोज जेवणारे, 'बालाजीभाऊ आगे बढो' म्हणणारे, पुष्कळ होते. निकाल लागला. शोभाताई पडल्या, पण झुंजून पडल्या. माझी अनामतही गेली. जेवलेल्यांची मतं कुठं गेली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात कुत्रं फिरकलं नाही. फोन गप्प. मी पुन्हा पुन्हा तो चालू आहे का बघत होतो. भर दुपारी आप्पा आले.

"कशाला आलात? शोभाताईकडं जा की. तुमचा उमेदवार तिकडंय."

"तिकडनंच आलो. बाया हायत, पोरं हायत, निम्म्या रडून राहिल्यात, निम्म्या पुढल्या मोर्चाचं बोलून राहिल्यात. बसाया जागा न्हाई." ते ओसरीवर टेकले. "रुक्मिणी, भाकर असंल तर दे गं."

भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन होईपर्यंत ते निवडणुकीबद्दल अक्षर बोलले नाहीत. तुरीचा भाव, गिरणीचा पट्टा, असंच काहीतरी. मीच शेवटी भडकलो.

"आप्पा, पडलेल्या माणसाची गंमत बघायला आलात का?"

ते पाणी प्यायले. म्हणाले, "मी बी उभा राहिलतो एकदा. तू ल्हान असशील. पडलो. घरी पार्वती म्हणली, आज माणसं येतील भेटाया. मोठं पातेलंभर चहा टाकला तिनं. कोणी आलं न्हाई. ती पातेलं खाली उतरवायची, परत गरम करायची. सांजच्याला आम्ही दोघांनीच पिला. काळाकुट्ट झालता, पण ती म्हणली, चांगला लागून राहिला."

पार्वतीकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा घरी एकटेच असतात.

उठताना म्हणाले, "उद्या येतो."

"उद्या कशाला?"

"आज लोक येत न्हाईत ते समजतं, बालाजी. उद्यापासनं टोचाया लागतं."

ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही. अजूनही अधूनमधून येतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं माझ्या चुका सांगतात. राग गेला का, असं विचाराल तर अजिबात नाही. पाठिंबा मलाच मिळायला हवा होता, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. फक्त रुक्मिणी दुपारी एक भाकरी जास्त थापते, आणि ती कुणासाठी, हे मी तिला कधी विचारत नाही.