बँडमधली बाई

"सारा तालुका अकोल्याचा बँड सांगते, अन् तूच काहून नाक मुरडून राह्यला रे?" भागिरथाबाईंनी भावाला भर अंगणात विचारलं आणि देवमनचं डोकं तापलं.

लग्न भागिरथाबाईंच्या मुलाचं, माणिकचं होतं. बँड ठरवायचं काम मामा म्हणून देवमनकडे आलं होतं. देवमन अकोल्याकडच्या मालेगावच्या पंचायत समितीत कारकून होता. पण ती नोकरी निव्वळ पोटापुरती. त्याचं खरं काम म्हणजे कुणाला ठाऊक नसलेले बँड हुडकणं. एस.टी. पकडून तो कारंज्याला जायचा, मंगरूळला जायचा, कुणाच्याही लग्नात बिनबोलावता मांडवाच्या कडेला उभा राहून वाजवणाऱ्यांचा दम पारखायचा. जो बँड सगळ्यांना आवडतो त्यात काही राम नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. दुर्दैव एवढंच, की त्याचं मत कुणी विचारत नसे.

त्या वर्षी दीक्षाभूमीला गेला असताना नागपूरच्या एका दुकानात त्याला ढिगाच्या तळाशी एक छोटी रेकॉर्ड सापडली. 'ब्लू लँटर्न' असं नाव, वर एक कंदील आणि सगळं वेष्टण निळंशार. निळा रंग पाहून देवमनचा हात आपोआप पुढे गेला.

"इथलीच पोरं आहेत," दुकानदार म्हणाला. "रेकॉर्ड नवी आहे, पण कुत्रं विचारत नाही."

देवमनला एवढं पुरे होतं. घरी मशीन नसल्यामुळे तो रेकॉर्ड घेऊन थेट लालसिंगकडे गेला. लालसिंगचं मालेगावात लाउडस्पीकरचं दुकान होतं. त्याने रेकॉर्ड लावली आणि दोघेही उडालेच! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ढोल, आणि त्यावर एका बाईचा बारीक, धारदार आवाज श्वास न घेता धावत होता. शब्द काही कळत नव्हते; पण गाणं इंग्रजी असल्यामुळे कुणाची तशी अपेक्षाही नव्हती.

"बाई हाय का भिंगरी हाय, बाप्पा!" लालसिंग म्हणाला.

झालं! देवमनने त्या दुकानदारामार्फत नागपूरला सुपारी धाडली आणि बहिणीला शब्द दिला. "ताई, माणिकच्या वरातीत हेच बाई गाईन. नाई आली, तर त्याले मले मामा म्हनू देऊ नोको." भागिरथाबाईंनी ही गोष्ट मुलीकडच्या आसेगावभर केली. नागपूरची बाई येणार म्हणून तिथल्या बायांनी त्या दिवशीचा कापूस वेचणीचा रोज बुडवला.

लग्नाच्या दिवशी आसेगावला एस.टी. थांबली. वेळूच्या पेटाऱ्यासारखे खोके घेऊन चार पोरं उतरली. केस खांद्यापर्यंत, पँटी खाली घागऱ्यासारख्या, आणि त्यातल्या उंच पोराला छातीवर रुळणारी दाढी. कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघून गेली, तरी देवमन गाडीच्या दाराकडेच पाहत होता.

"बाई कुठाय?"

"कोण बाई?" दाढीवाल्याने विचारलं.

"गानारी!"

"गातो मी, काका." हा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला.

देवमन काही काल बँड ऐकायला लागला नव्हता. लगीनसराईत एकाच दिवशी दोन-दोन सुपाऱ्या घ्यायच्या, खरी पार्टी मोठ्या घरी पाठवायची आणि गरिबाकडे भाडोत्री माणसं पिटाळायची, हे धंदे तो चांगले ओळखून होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मले शिकवता काय बे? बाई दुसऱ्या लग्नात धाडली अन् आमच्याकडं डुप्लिकेट पार्टी?"

"काका, आम्हाला दुसरी सुपारीच नाही," दाढीवाला काकुळतीला येऊन म्हणाला. "ही पहिलीच आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. वरात शाळेतल्या जानवशातून निघायला टेकली होती. लालसिंगने मांडवाजवळच्या कडुनिंबावर भोंगा बांधला होता. त्यालाच पोरांनी आपल्या तारा जोडल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

ढोलवाल्याने एक ठोका मारला. दुसरा मारावा की नाही, याचा जणू तो विचार करू लागला. दाढीवाल्याने डोळे मिटून एक लांबलचक सूर ओढला. नाचणाऱ्यांनी हात वर केले; पुढचा ठोका येईपर्यंत ते दुखायला लागले. नवरदेवाच्या घोड्याने मान खाली घातली. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

भागिरथाबाईंनी भावाकडे असं पाहिलं, की देवमन वरात सोडून मांडवाकडे पळत सुटला.

"बंद करा! लालसिंग, रेकॉर्ड लाव! असली चीज ऐकू दे यायले!"

लालसिंगने रेकॉर्ड लावली. बाईचा आवाज भोंग्यातून सुटला मात्र, वरातीत वीज संचारली. पोरं उड्या मारू लागली, घोडासुद्धा चार पावलं आडवा नाचला. बायांनी एकच गिल्ला केला, "आली! बाई आली!"

इकडे बँडची पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. दाढीवाला मशीनजवळ गेला आणि गरगरणाऱ्या तबकडीवर वाकला.

"ही इतकी जोरात का फिरते?"

"चाल बदलाचा खटका तुटेल हाय," लालसिंग शांतपणे म्हणाला. "जुन्या मोठ्या रेकॉर्डीची जोरातली चाल तेवढी उरली. साऱ्या त्याच्यावरच वाजवतो मी."

दाढीवाल्याचा चेहरा पडला. "काका," तो म्हणाला, "ती बाई मीच आहे."

देवमनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या बाईवर त्याने मालेगावच्या हॉटेलात भाषणं दिली होती, तिला दाढी होती! आता मशीन बंद करावं तर वरात थांबते. शेवटी वरात मांडवात येईपर्यंत लालसिंग तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावत राहिला आणि खरा बँड कडुनिंबाखाली खोक्यांवर बसून राहिला.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, पंगती उठल्या. देवमनने त्या पोरांकडे पाहिलंही नाही. मग पाठवणीची वेळ आली. नवरी, लीला, गाडीकडे निघाली आणि कुणी सांगितलं नसताना दाढीवाल्याने गिटार घेतली. तेच गाणं, तीच त्याची संथ चाल. लीला थबकली आणि बापाच्या गळ्यात पडली. तिचे वडील जानराव म्हणजे कडक माणूस, गावात त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. ते देवमनचा खांदा भिजवू लागले. सून घरी नेणाऱ्या भागिरथाबाईंना खरं तर रडायचं काहीच कारण नव्हतं, पण त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. दिवसभर चिडलेल्या देवमनने तो बँड आता पहिल्यांदा ऐकला. पोरं खरोखर चांगली वाजवत होती. आपण त्यांना भर रस्त्यात डुप्लिकेट म्हटलं याची त्याला फार लाज वाटली.

परतताना भागिरथाबाई गाडीत त्याच्या शेजारी बसल्या.

"देवमन, बँडातलं तुलेच कळते रे बाप्पा. आज मानलं तुले."

हे ऐकण्यासाठी देवमनने अर्धं आयुष्य एस.टी.त घालवलं होतं.

"नाचवनारी बाईबी भारी, अन् हे रडवनारे पोट्टेबी भारी," त्या म्हणाल्या. "पन लेका, दोन-दोन बँड कायले सांगतले? येवढा खर्च करते काय कोनी?"

देवमनने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. मग बहिणीचा खुललेला चेहरा पाहिला.

"चुकलंच जरा, ताई," तो म्हणाला.