पाहुण्यांना आधी वाढा

सामना मैदानावर जिंकतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं वाटून घ्यावं. मी, कादिर, दाभोळ स्पोर्टिंगचा मॅनेजर, तुम्हाला सांगतो: सामना जेवणाच्या वेळी जिंकायचा असतो. मी स्वतः आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नाही, म्हणूनच माझं डोकं शाबूत आहे.

आमचा संघ सौदीत, बुरैद्यातल्या परदेशी नोकरदारांच्या लीगमध्ये खेळतो. अ गटातल्या आठ संघांत आम्ही सातवे होतो. आठवे होते मल्याळी मंडळींचं वर्कशॉप सेव्हन, आणि शेवटचा सामना नेमका त्यांच्याशी, आमच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार, हरलो तर थेट ब गटात. ब गटाचे सामने शुक्रवारी सकाळी सहाला असतात. इथल्या जानेवारीत सकाळी सहाला माणूस रजईतून नाक काढायलासुद्धा तयार नसतो!

शिवाय घरी मी एक वाक्य बोलून बसलो होतो. माझी बायको हाजरा चार वर्षं माझ्या एका मोकळ्या शुक्रवारची वाट बघत होती. मी ऐटीत म्हटलं, संघ खाली गेला तर मॅनेजरकी सोडतो आणि सगळे शुक्रवार तुझे. तिने ते वाक्य त्याच दिवशी माझ्या सासूबाईंना फोनवर कळवलं. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

पण घाबरतो कोण? माझी योजना तयार होती. आमचं मैदान म्हणजे भाड्याने घेतलेली इस्तिराहा. पुढे बसायच्या खोल्या, मागे खोटं गवत घातलेलं सात-सात जणांचं मैदान. जुम्म्याची नमाज झाली की पाहुण्या संघाला तिथेच जेवायला बोलवायचं. मटण, वडे, वरून नारळाच्या दुधातली सांदणं. दोनला जेवण, चारला सामना. पोटात हाजराचं मटण घेऊन धावून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

आमच्या पोरांना मी बजावलं, की सकाळपासून कुणी काही खायचं नाही, नुसतं वाढायचं. हलकं पोट, हलके पाय. आमचा कप्तान हर्षवर्धन नाशिकचा, वीज कंपनीत इंजिनिअर आणि पक्का शाकाहारी. तो म्हणाला, "कादिरभाई, उपाशी माणूस ऐंशी मिनिटं कसा धावेल?" मी त्याला सांगितलं, सामना साठच मिनिटांचा आहे, हिशेब नीट कर. हाजराने मटणाचा टोप उतरवता उतरवता फक्त एवढंच म्हटलं, "पावण्याला जेवाया बसवून तुमी उभे रावाल? जमायचं नाय ते."

बायकांना डावपेच कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची माझी छाती नव्हती.

पाहुणे आले. सात खेळाडू आणि सोबत रेफरी. ऐसपैस बसून पोटभर खावं म्हणून तीन थाळे मांडले, एकेका थाळ्याभोवती पाच जण बसतील असे. त्यांचा कप्तान यासीन, गॅरेजमध्ये रंगकाम करणारा, दिसायला गरीब माणूस. तो थाळ्यापाशी बसला, हात धुतले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, शुरू करो. तो म्हणाला, "भाईजान, मेजबान भूखा खड़ा रहे और हम खाएँ? हमसे नहीं होगा." आणि सातही जण उठायला लागले!

पाहुणा ताटावरून उठला तर दाभोळात तोंड कुठे दाखवणार? मी शारीकला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, आमच्या गोलकीपरला, डोळ्याने खुणावलं, की सोबतीला दोन घास घे. शारीक बसला. मग आमचा फॉरवर्ड नौशाद बसला. मग सगळेच बसले. सकाळपासून माझ्याच हुकुमाने उपाशी होते बिचारे.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आग्रहाने. थाळ्यातला चांगला तुकडा शेजाऱ्याकडे सारायचा ही आपली रीत. आम्हाला वाटत होतं, ती फक्त आपलीच. आम्ही नळी यासीनकडे सारली, त्याने ती हसत शारीकपुढे आणून ठेवली. शारीकने परत सारली, यासीनने "आपको हमारी क़सम" म्हटलं. आता कसम घातल्यावर कोण नाही म्हणेल? वीस मिनिटांत सगळं मटण थाळ्याच्या आमच्या बाजूला जमलं. पाहुणे वड्याचा कोपरा कुरतडत गप्पा मारत होते. आणि पाहुणा हात धूत नाही तोवर यजमानाने उठायचं नाही, हीही रीतच. पाहुणे काही हात धुवेनात. मटणाला शिवत नाही म्हणून हर्षवर्धनवर माझी भिस्त होती, तर त्याच्यापुढे सांदणांची परात आली. त्याने नऊ खाल्ली. मी मोजली.

चारला शिटी वाजली. नौशादने बॉल टोलवला आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हर्षवर्धन चालत होता, तेही विचार करून. तरी पन्नास मिनिटं गोल झाला नाही, कारण शारीकने गोलचा बराच भाग पोटानेच व्यापला होता आणि तीन बॉल तिथे आपटून परत गेले. मी कडेने ओरडत होतो, "शाबास! यल्ला!" बरोबरी आता दहा मिनिटांवर होती.

मग यासीनने लांबून एक साधा बॉल मारला. शारीकने तो छान पकडला. छातीशी धरला. सुटलो एकदाचे, असं वाटून तो दोन पावलं मागे गेला आणि लोडाला टेकावं तसा जाळीला टेकून खाली बसला. ढेकर आमच्यापर्यंत ऐकू आली. रेफरीने रेषा बघितली, शारीककडे बघितलं आणि शिटी वाजवली. गोल! बॉल अजून त्याच्या मांडीवरच होता.

एक-शून्य. खलास. मला खरंच रडू आलं, पण मॅनेजर होतो, तोंड फिरवून रडलो.

पुढचा शुक्रवार हाजराचा. तिने काय केलं असेल? यासीनला बायकोसकट जेवायला बोलावलं. बायका आत, आम्ही दोघं बाहेर एका थाळ्यावर. मी त्याला विचारलं, की त्या दिवशी आमचा डाव तुमच्या ध्यानात कसा आला. तो लाजत म्हणाला, "पिछले महीने हमने भी सामनेवालों को ऐसे ही बिरयानी खिलाई थी, भाईजान. तभी तो आठवें नंबर पर पहुँचे."

मी माझ्यासमोरची नळी उचलून त्याच्याकडे सारली. त्याने ती माझ्याकडे सारली. मी परत सारली, त्याने कसम घातली.

तोही सामना मी हरलो. नळी मात्र झकास होती.